चित्रातल्या गावातून कुणी भांडुपला येत नाही

गावाकडच्या मुलांची वास्तववादी चित्रं तुमच्याही फोनवर येत असतील. सारवलेली ओटी, कडेवर धाकटं भावंड घेतलेली परकरी मुलगी, तिच्या गालावर उन्हाची तिरीप. खाली लोक लिहितात, ‘फोटोच वाटतो!’ मी भांडुपच्या डोंगरउतारावरच्या चाळीत वाढलो. तिथे बहुतेकांचं गाव कोकणात, नाहीतर घाटावर. त्यामुळे ही चित्रं पाहताना मला एकच प्रश्न पडतो: गाव इतकं गोड होतं, तर आमची माणसं इथे आली कशाला?

कसबाबद्दल तक्रार नाही. उजेड रंगवणं अवघडच. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं (1882-1968) ‘ग्लो ऑफ होप’ बघा. ज्योतीवर हात धरलेली तरुणी, बोटांतून झिरपणारा लालसर प्रकाश, आणि हे सगळं जलरंगात! तिथे उजेड शेवटी वरून चढवता येत नाही. कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखावा लागतो. तमिळनाडूचे एस. इळैयाराजा 2021 मध्ये कोविडने गेले. त्यांनी सावळ्या मुलीबायकांना ज्या मायेने रंगवलं, तीही मोठी गोष्ट. गोऱ्या रंगाच्या जाहिरातींत वाढलेल्या आपल्याला ती हवीच होती.

पण त्या वळणाची जी चित्रं आता ढिगाने दिसतात, त्यांत उजेड सगळ्यावर पांघरूण घालतो. कडेवरच्या भावंडाचं ओझं मोठ्या बहिणीच्या कमरेला जाणवतच नाही. तिची शाळा बुडाली का, हे चित्रकाराला सुचतही नाही. परकराची घडी न घडी खरी. मुलगी मात्र खोटी.

याउलट अमृता शेरगिल यांचं ‘थ्री गर्ल्स’. 1935 सालचं हे चित्र. त्याला 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्याला फोटो कुणी म्हणणार नाही. केसांची बट न बट नाही, मागे घर नाही, झाड नाही. तीन मुली शेजारी शेजारी बसल्यात आणि एकीचीही नजर आपल्याकडे नाही. त्या कशाची तरी वाट बघतायत आणि जे येणार आहे ते आपल्याला विचारून येणार नाही, हे त्यांना कळलंय, असं मला वाटतं. तपशील कमी, तरी हे चित्र मला जास्त वास्तव वाटतं.

म्हणजे मुलांना रडवेलं रंगवा, असं नाही. गरिबीसुद्धा तितकीच देखणी करून विकता येते. मुलाला त्याचं स्वतःचं मन असू द्या, एवढंच मागणं. ज्यांचं गाव गणपती-शिमग्याच्या रजेपुरतं उरलंय, त्यांना अशी चित्रंच हळूहळू आठवण वाटू लागतात. मग आजीने खरं काय सोसलं, हे विचारायचंही राहून जातं.

पुढचं चित्र आलं की अंगठ्याने तेवढी उन्हाची तिरीप झाका. उरलेल्या चेहऱ्यावर काही दिसलं, तरच पुढे पाठवा.