कराराचा कागद

दिवाळीच्या अंकात मालक-कामगारांची कटकट कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. पण फराळाचे ताट ज्या बोनसावर भरते तो बोनस ठरतो कसा, हे आपण कोणत्या कथेत वाचले आहे? संप वाचला, मोर्चा वाचला, मालकाची मोटारही वाचली. वाटाघाटीचे टेबल मात्र आम्हा लेखकांनी पडद्याआडच ठेवले. या आरोपातून मी स्वतःला वगळत नाही. माझ्या एका कादंबरीत संप तीन प्रकरणे चालतो आणि 'अखेर तडजोड झाली' एवढ्या एका वाक्यात मिटतो. ते वाक्य लिहून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. आज त्याची लाज वाटते.

जॉन गॅल्सवर्दीचे 'स्ट्राइफ' हे १९०९ साली रंगभूमीवर आलेले नाटक मी पुन्हा वाचले ते या लाजेपोटी. पत्र्याच्या कारखान्यात हिवाळाभर संप चालू आहे. एका बाजूला कंपनीचा वृद्ध अध्यक्ष अँथनी, दुसऱ्या बाजूला कामगारांचा पुढारी रॉबर्ट्स. दोघेही ताठ, दोघेही प्रामाणिक. रॉबर्ट्सची आजारी बायको त्या उपासमारीत मरते. अखेर संचालक अँथनीला सोडतात आणि कामगार रॉबर्ट्सला. मग करार होतो. पण त्यातल्या अटी संपापूर्वी चिटणीस आणि युनियनचा अधिकारी यांनी मांडलेल्याच असतात!

हा शेवट अंगावर येतो. गॅल्सवर्दीने दोन्ही बाजूंना पुरते बोलू दिले, हा त्याचा मोठेपणा. तरीही माझी एक तक्रार आहे. त्याच्या नाटकात करार करणारी माणसे ती, ज्यांच्या घरची चूल विझलेली नाही आणि ज्यांचे भांडवलही गुंतलेले नाही. जणू मानी माणसांनी मोडून पडावे आणि समेट कारकुनांनी लिहावा. समेटालाही मानी माणूस लागतो, हे त्याला दाखवता आले नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या गावच्या एका छापखान्यात नऊ माणसे कामाला. ऐन दिवाळीच्या हंगामात, कॅलेंडरांचे काम अंगावर असताना, त्यांनी रात्रपाळीला नकार दिला. १९६५ च्या कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के ठरवला होता. पण नऊ माणसांच्या छापखान्याला तो कायदा बांधत नव्हता. जे व्हायचे ते आपसातच. मसुदा लिहायला 'मास्तर' म्हणून मला बोलावले.

मला वाटले, घासाघीस आकड्यावर होईल. आकडा तर अर्ध्या तासात ठरला. अडले ते सहीवर.

"माझ्या वडिलांपासून सगळं शब्दावर चाललंय," मालक म्हणाले. "आता माझ्यावर विश्वास उरला नाही का?" त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता.

बाइंडिंगच्या मावशी हातावरची खळ पुसत म्हणाल्या, "दादा, तुमच्यावर आहे हो. पण उद्या या खुर्चीवर धाकटे दादा बसतील. त्यांना तुमचा शब्द कुठून ऐकू येणार? वाटल्यास दोनशे कमी द्या, पण कागद द्या."

कोणी काही बोलले नाही. मग मी लिहीत गेलो: एका महिन्याच्या पगाराइतका बोनस, दिवाळीच्या आठ दिवस आधी, आठ तासांवरील कामाला दुप्पट दर, त्याची नोंद वहीत, दोघांच्या सहीने, तातडीचे काम असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगायचे, आणि सांगितले तर नाही म्हणायचे नाही. मावशींनी तो कागद दोनदा मोठ्याने वाचून घेतला. मालकांनी सही केली. दोनशे मात्र कापले नाहीत.

मोठ्या कारखान्यात मालक दिसत नाही, ही कामगाराची अडचण. लहान जागेत तो दिवसभर दिसतो, हीच अडचण. जिथे मालक आजारपणात दवाखान्याचे पैसे देतो, तिथे हक्क मागणे कृतघ्नपणाचे वाटते. या संकोचावर एखादी कादंबरी उभी राहील!

महादेव देसाईंच्या 'एक धर्मयुद्ध' या पुस्तकात १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी-लढ्याची हकीकत आहे. तिथेही वाद बोनसातूनच उपजला: प्लेगच्या काळात दिलेला बोनस बंद झाला आणि कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० वर अडले. गांधीजींच्या उपवासानंतर झालेली तडजोड पाहा: पहिल्या दिवशी ३५, दुसऱ्या दिवशी २०, आणि पुढे पंचाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस. हिशेबाच्या दृष्टीने हा पोरखेळ. पण दोन्ही पक्षांची प्रतिज्ञा एकेक दिवस पाळली गेली. पुढे पंच आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्केच दिले. उपवासाचा मालकांवर दबाव पडला, हा दोष गांधीजींनी स्वतःच कबूल केला. गॅल्सवर्दीला जे नाट्य सापडले नाही ते या तीन आकड्यांत आहे: करारात पैशाइतकाच मानाचाही हिशेब लागतो.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, तर ते एक वाक्य मी खोडणार आहे. त्या जागी एक टेबल मांडीन, त्यावर एक कागद, आणि खळीच्या हातांनी तो दोनदा वाचून घेणारी एक बाई.