फुग्यातील भाषा आणि फुलंब्रीचा वाचक

वर्तमानपत्रातील चित्रमालिका हा मराठी समीक्षेने जवळजवळ अस्पर्शित ठेवलेला प्रकार आहे. अग्रलेखाला परंपरा असते, स्तंभलेखनाला ग्रंथरूप लाभते, राजकीय व्यंगचित्राचा निदान इतिहास तरी सांगितला जातो. परंतु शब्दकोड्याच्या शेजारी आणि राशिभविष्याच्या वर बसविलेल्या तीन-चार चौकटींची दखल घ्यावी असे समीक्षेला फारसे वाटलेले नाही. वसंत सरवटे यांनी 'व्यंगकला-चित्रकला'मध्ये व्यंगचित्राच्या दृश्यभाषेचा विचार केला. नांदेडच्या मधुकर धर्मापुरीकर यांनी व्यंगचित्रांचा संग्रह आणि आस्वाद हे दोन्ही व्यवहार निष्ठेने केले. हे ठळक अपवाद होत, आणि त्यांचाही भर मुख्यतः सुट्या चित्रावर आहे. रोज येणारी, कालच्या स्मरणावर आज उभी राहणारी आणि उद्या रद्दीत जाणारी मालिका तशीच राहून गेली. वाचक ज्या मजकुराला पहिला हात घालतो त्याला समीक्षक हातही लावत नाही, ही विसंगतीही एखाद्या चित्रमालिकेला शोभावी अशीच आहे.

या प्रकाराचा विचार करताना एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. चित्रमालिका ही दैनंदिन जीवनातील विसंगतीवर जगते, असे सर्रास म्हटले जाते. ते खरेही आहे. पण हे दैनंदिन जीवन कोणाचे? छत्रपती संभाजीनगराहून जळगाव रस्त्याने अजिंठ्याकडे जाताना लागणाऱ्या फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावी सकाळी वर्तमानपत्राचा गठ्ठा उतरतो. हॉटेलच्या बाकावर, केशकर्तनालयात, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तो वाचला जातो. त्या वाचकाच्या दिवसात आणि चौकटीतल्या दिवसात जे अंतर असते, त्या अंतराचा विचार या प्रकाराच्या मूल्यमापनात यावयास हवा.

मराठीतील सर्वांत दीर्घायुषी मालिका म्हणून 'चिंटू'चा विचार अपरिहार्य ठरतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी निर्माण केलेला हा मुलगा १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये 'सकाळ'मध्ये अवतरला. पुढे त्याची पुस्तके निघाली, २०१२ मध्ये त्याच्यावर चित्रपटही आला. आई-पप्पा, आजोबा, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू अशा मोजक्या पात्रांच्या बळावर ही मालिका वर्षानुवर्षे चालली. तिचे यश केवळ गोड निरागसतेचे मानणे अन्यायाचे होईल. तिची रचना कमालीची काटेकोर आहे. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या मांडणीत संवाद, विरोध आणि समतोल असे जे तीन संबंध कल्पिले, ते तीन-चार चौकटींच्या पट्टीत अक्षरशः डोळ्यांना दिसतात. पहिल्या चौकटीत एक परिस्थिती मांडली जाते, दुसरी तिला दुजोरा देते, तिसरी तिच्याशी विरोध करते आणि त्या विरोधातून पुन्हा घरगुती शांतता प्रस्थापित होते. आई रागावते, पण ते रागावणे उद्याच्या अंकापर्यंत टिकत नाही. सुनीताप्रमाणे किंवा ओवीप्रमाणे हा एक बांधलेला छंद आहे, आणि छंदात लिहिणाऱ्याला जी शिस्त लागते तीच रोज चार चौकटींत हसविणाऱ्याला लागते.

या छंदाचा काळाशी असलेला संबंध विशेष लक्षणीय आहे. उंबेर्तो एको यांनी १९६४ मध्ये सुपरमॅनविषयी लिहिताना दाखविले की, या नायकाच्या कथांत कृती घडतात पण त्या कृतींनी नायकाचे आयुष्य खर्ची पडत नाही. काळ पुढे सरकल्यासारखा भासतो आणि जागच्या जागी राहतो. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' १९५० पासून २००० पर्यंत चालली, पण चार्ली ब्राउनला दाढी आली नाही. चिंटूही तसाच. १९९१ साली जन्मलेला वाचक आज तिशी ओलांडून आपल्या मुलाला शाळेत सोडावयास निघालेला असतो; चिंटूचा गृहपाठ अजून अपुराच. ही कालविन्मुखता या प्रकाराची मर्यादा नसून त्याची अट आहे. परंतु ती अट सर्व वाचकांना सारखी पेलत नाही. नागर मालिकेत पाऊस येतो तो डबकी, छत्री आणि सुट्टी घेऊन. फुलंब्रीच्या वाचकाच्या लेखी तो मका-कपाशीच्या पेरणीचा, दुबार पेरणीचा किंवा टँकरचा प्रश्न असतो. १९७२ चा दुष्काळ, २०१२-१३ चा, २०१५-१६ चा, अशी ज्या प्रदेशाची कालगणनाच दुष्काळांनी होते, तेथे काळ थांबलेल्या चौकटीकडे पाहणारा वाचक हसतो, पण ते हसणे शेजारच्या घरात डोकावून हसण्यासारखे असते.

यावर असा प्रतिवाद करता येईल, आणि तो बिनतोड वाटतो, की बालपण सार्वत्रिक आहे. गृहपाठ चुकविणे, चेंडू दुसऱ्याच्या अंगणात जाणे, पाहुण्यांसमोर नको ते बोलणे या गोष्टींना ना जिल्हा असतो ना तालुका. या प्रतिवादात तथ्य आहे. फुलंब्रीतले पोर चिंटूवर हसते ते नक्कल म्हणून नव्हे. त्याला तो समजतो म्हणून हसते. अडचण प्रसंगांत नाही. ती फुग्यात आहे.

चित्रमालिकेतील संवादाचा फुगा हा वरवर पाहता निरुपद्रवी संकेत. पात्राच्या तोंडातून शेपटी निघते आणि वर अक्षरे तरंगतात. पण मराठी मालिकेच्या फुग्यात जी मराठी तरंगते ती बहुधा पाठ्यपुस्तकाच्या आणि पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घराच्या मधली प्रमाण बोली असते. मराठवाड्याच्या बऱ्याच भागांत 'का' विचारावयाचे असते तेव्हा 'कामून' म्हटले जाते. 'मी का जाऊ?' या वाक्यात प्रश्न असतो. 'म्या कामून जाऊ?' या वाक्यात प्रश्नाबरोबर कमरेवरचे हातही असतात. दुसऱ्या वाक्याला चित्राची अर्धी गरजच उरत नाही. तरीही ते वाक्य फुग्यात येते तेव्हा ते गड्याच्या, भाजीवाल्याच्या किंवा गावाहून आलेल्या पाहुण्याच्या तोंडी येते, आणि विनोदाचा नेम विसंगत परिस्थितीवरून ढळून बोलणाऱ्यावर जाऊन बसतो. बर्गसाँ यांनी १९०० मध्ये हास्याचे मूळ जिवंत माणसावर चढलेल्या यांत्रिकतेत शोधले. मराठी फुग्यातील यांत्रिकता ही की, प्रमाण बोलणारा तेथे व्यक्ती ठरतो आणि बोली बोलणारा नमुना ठरतो.

हे अटळ आहे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी फुलंब्रीच्या वाचकाला फार दूर जावे लागत नाही. त्याच्या दारावरून जाणारा रस्ताच त्याला चित्रकथेच्या एका प्राचीन शाळेत नेतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, विश्वंतर जातक रंगविले गेले. तेथे एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुनःपुन्हा येतो: येथे दान देताना, तेथे निरोप घेताना, पलीकडे रथात. चौकटीच्या रेषा नाहीत; एखादा खांब, एखादे दार, एखादे झाड दोन प्रसंगांना वेगळे करते. पाहणाऱ्याने चालावे आणि काळ घडवावा, अशी ही योजना आहे. स्कॉट मक्लाउड यांनी १९९३ मध्ये दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेला चित्रकथेचे मर्मस्थान म्हटले, कारण तेथे वाचकाची कल्पना काम करते. अजिंठ्याच्या चित्रकाराने ती जागा झाडाला देऊन ठेवली होती.

दुसरे उदाहरण त्याच जिल्ह्यातले, पैठणचे. पैठणच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथीच्या पोथ्यांत प्रसंग सुट्या कागदांवर रंगविलेले असत. कथेकरी एकेक कागद उचलून समोर धरी आणि रामायण-महाभारतातली कथा सांगे. येथे चौकट आहे, पण फुगा नाही. आवाज चित्राबाहेर, सांगणाऱ्याच्या गळ्यात आहे, आणि तो आवाज ज्या गावी उभा असेल त्या गावाच्या बोलीला वळण देण्यास मोकळा आहे. रावण बदलत नसे. त्याचे बोलणे पंचक्रोशीनुसार बदलू शके. वर्तमानपत्रातील मालिकेने चित्रकथीकडून चौकट घेतली नाही, ती तिला पाश्चात्त्य मुद्रणाकडून मिळाली. परंतु परिणामाच्या दृष्टीने पाहता तिने कथेकऱ्याचा गळा काढून घेतला आणि त्या जागी फुगा टांगला. छापखान्यातून निघालेला फुगा सर्व आवृत्त्यांत एकच असतो.

आवाजाची ही हानी मराठवाड्याने दुसऱ्या मार्गाने भरून काढली. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणारे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. लग्न, मानपान, रुसवेफुगवे, विमानप्रवासाची धास्ती, असा त्यातील सगळा माल दैनंदिन विसंगतीचाच, म्हणजे चित्रमालिकेचाच. प्रत्येक व्यक्तिरेखा एका लकबीने, एका हेलाने, खांद्याच्या एका झटक्याने उभी राहते. दोन व्यक्तिरेखांच्या मधले क्षणार्धाचे वळण हीच तेथली चौकटीची रेषा. महत्त्वाचे हे की, येथे बोली हसण्याचा विषय होत नाही. सगळेच बोलीत बोलतात, त्यामुळे हसू विसंगतीकडे वळण्यास मोकळे राहते. बोली एखाद-दुसऱ्या पात्राच्या तोंडी चिकटविली की ती व्यंग होते, सर्वांच्या तोंडी आली की ती भाषा होते. मराठी चित्रमालिकेने अद्याप पुरता न अनुसरलेला धडा तो हाच.

दुसरी वाट मौनाची. आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला, धोतरातला सामान्य माणूस १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त वावरला. भोवतालचे पुढारी बोलतात, बायको बोलते, तो बोलत नाही. त्याला बोली नसल्यामुळे त्याचा जिल्हा ठरत नाही. फुलंब्रीच्या बसस्थानकावर तो उभा राहिला तर कोणी त्याला 'कुठले पाव्हणे?' असे विचारणार नाही. शि. द. फडणीस यांनी तर शब्दच वगळले. अनंत अंतरकरांच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवरून आणि पुढे 'हसरी गॅलरी'तून त्यांची शब्दविरहित चित्रे घरोघर गेली. सत्तरच्या दशकात प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही ती आली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला वजाबाकी समजावणारे चित्र त्याच्या बोलीची चौकशी करीत नव्हते. मात्र मौनाला त्याची किंमत मोजावी लागते. शब्दविरहित चित्र परिस्थितीची विसंगती अचूक पकडते, पण माणसामाणसांतील नात्याची विसंगती, म्हणजे मान, टोमणा, लाड, आडून बोलणे, तिच्या पकडीत क्वचितच येते. ती भाषेतच राहते, आणि बहुतेक वेळा बोलीत.

दरम्यान तालुक्याच्या गावाने स्वतःची चित्रमालिका निर्माण केलेली आहे, याकडेही लक्ष वेधले पाहिजे. चौकात लागणारा वाढदिवसाचा फ्लेक्स हा एक स्वयंपूर्ण दृश्यपाठ होय. मध्यभागी सत्कारमूर्तीचे भव्य मस्तक, वर वर्तुळांत नेते, खाली शुभेच्छुकांची रांग. आकार प्रतिष्ठेनुसार, जसा तो अजिंठ्यात असे. अजिंठ्यात मोठा दिसतो तो बोधिसत्त्व, येथे 'भावी' सदस्य. वाचक तो फलक डावीकडून उजवीकडे वाचीत नाही. कोण आले, कोण गळले, मागील वर्षीच्या कोणत्या चेहऱ्याची जागा कोणी घेतली, हे तो वाचतो. म्हणजे दोन फ्लेक्सांच्या मधल्या वर्षभराच्या कोऱ्या जागेत तो तालुक्याचे राजकारण भरतो. मक्लाउड यांना याहून चांगला दाखला मिळाला नसता. या मालिकेला विनोद अभिप्रेत नाही. तो वाचकाने आणावयाचा असतो, आणि हॉटेलच्या बाकावर बसलेला वाचक तो आणतोच.

वर्तमानपत्राच्या पट्टीला या वाचकाने दिलेले शेवटचे रूपही उपेक्षणीय नाही. संध्याकाळी तोच कागद भज्यांची पुडी होतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा वापराविरुद्ध बजावले असले तरी पुडी आपली परंपरा टिकवून आहे. पुडी उलगडताना पहिल्या दोन चौकटी हाती येतात, तिसरी तेलात विरघळलेली असते आणि चौथी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेली. विरोध नाहीसा झालेला, समतोल बेपत्ता. केवळ संवाद उरलेला. खाणारा त्या दोन चौकटी शेजाऱ्याला दाखवितो, आणि पुढे काय झाले असेल ते दोघे मिळून ठरवितात, अर्थात आपल्या बोलीत. त्या क्षणी फुगा फुटतो आणि कथेकऱ्याचा गळा परत येतो.

चित्रमालिकेच्या समीक्षेने आपली कसोटी याच ठिकाणी लावावी. मालिका किती हसविते हा प्रश्न दुय्यम आहे. वितरक आणि वाचक तो रोज परस्पर सोडवितात. तिच्या फुग्यात कोणाला 'मी' म्हणून बोलता येते आणि कोणाला केवळ 'तो' म्हणून ऐकविले जाते, हा प्रश्न समीक्षेचा आहे. 'चिंटू'ने मराठीला या प्रकाराचा छंद घडवून दिला. हे काम मोठे होते आणि ते झाले. त्या छंदात 'कामून' हा शब्द नायकाच्या तोंडी, स्पष्टीकरणाविना आणि अवतरणचिन्हांविना, सहजपणे येईल तेव्हा फुलंब्रीच्या वाचकाला शेजारच्या घरात डोकावून हसावे लागणार नाही.