पहारा आणि विचारपूस : मराठी पडद्यावरचं आजारी मन

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की वर्ध्यात हमखास प्रश्न येतो : ‘सिनेमात वेडे कसे दाखवतात, हे शोधून काय मिळणार?’ उत्तर तीन चित्रपटांतून देतो.

पहिला ‘देवराई’ (२००४). सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. अतुल कुलकर्णींच्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे. आजाराला नाव आहे, डॉक्टर आहेत, औषधं आहेत, थकणारी पण न सोडणारी बहीण आहे. शेवटी चमत्कार होत नाही, आजारासकट जगणं शिकायचं असतं. दुसरा त्याच दिग्दर्शकांचा ‘कासव’, ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवणारा. त्यात नैराश्यात बुडालेल्या तरुणाला जानकी कोकणातल्या घरात आसरा देते, उपदेश न करता.

तिसरा आपल्या भागातला. सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). विदर्भातल्या गावात एक शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकाला धास्ती बसते, की आपला किसनाही तसंच करेल. ती त्याच्यामागे लहान मुलाला पाठवते, घरात गोडधोड करते. किसनाच्या डोक्यात मात्र पेरणी आणि पाऊस. प्रसंग हसवतात आणि हसता हसता घशात अडकतात.

आता फरक बघा. पहिल्या दोघांत मनाच्या दुखण्याला नाव मिळतं. तिसऱ्यात नाव कर्जाचं आणि पावसाचं. मला हे अर्धं बरोबर वाटतं. शेतकऱ्याच्या मरणाला ‘मानसिक आजार’ म्हटलं की कापसाचा भाव, सावकार, सरकार सगळे सुटतात. मनवर ती पळवाट ठेवत नाहीत, ही त्यांची ताकद.

पण उरलेलं अर्धं? कर्जाने मनही खचतं, आणि खचलेल्या मनाला कर्ज फिटेपर्यंत थांबवून ठेवता येत नाही. ‘गाभ्रीचा पाऊस’चा भर पहाऱ्यावर आहे, विचारपुशीवर नाही. आपल्या घरांतही तेच चालतं : माणूस गप्प झाला की त्याच्यावर नजर ठेवायची, विषय मात्र काढायचा नाही. ‘विचारलं तर डोक्यात भरेल ना!’ संशोधन याच्या उलट सांगतं. आत्महत्येचे विचार येतात का, असं आपुलकीने थेट विचारल्याने धोका वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही.

पडद्याचाही परिणाम होतो. संकटातून सावरलेल्या माणसांच्या गोष्टींनी खचलेल्यांना आधार मिळू शकतो, याला संशोधक ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. मोझार्टच्या ऑपेरातलं हे पात्र जीव द्यायला निघतं आणि इतरांनी दुसरा मार्ग दाखवल्यावर थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपटकर्त्यांसाठी याच विषयावर मार्गदर्शिका काढली.

म्हणून माझी तक्रार एका चित्रपटाविषयी नाही, रिकाम्या जागेविषयी आहे. भाव पडल्याचा संताप आणि मनाची विचारपूस, दोन्ही एकाच घरात दाखवणारा, वऱ्हाडी बोलणारा चित्रपट मला अजून सापडलेला नाही. ज्यात बायको नवऱ्याला सरळ विचारते आणि दोघं सेवाग्रामच्या ओपीडीत रांगेत बसतात. तुम्ही पाहिला असेल तर नक्की कळवा.

आणि घरात कोणी गप्प झालं असेल, तर सिनेमाची वाट पाहू नका. विचारा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.