ऑझचें पुनर्दर्शन

बाळपणीं आवडलेल्या कलाकृतीकडे प्रौढपणीं परत जाणें हें थोडें धाडसाचेंच काम आहे. आवड टिकली नाहीं तर कलाकृति हातची जातेच, पण तिच्याबरोबर बाळपणाचाही एक कोपरा ओस पडतो. हें भय मनांत बाळगूनच आम्हीं वॉल्टर मर्च यांचा ‘रिटर्न टु ऑझ’ हा १९८५ सालचा चित्रपट इतक्या वर्षांनीं पुन्हां पाहिला. भाड्यानें आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर तो प्रथम पाहिला, तेव्हां त्यांतलें इंग्रजी आम्हांस अर्धेंमुर्धेंच कळत होतें. चित्रें मात्र पुरतीं कळलीं होतीं, आणि त्यांपैकीं कांहीं पुढें कित्येक रात्रीं उशाशीं येऊन बसत. आतां शब्दही कळतात. आणि नवल असें कीं, जुनें भय नाहींसें न होतां त्यानें केवळ आपली जागा बदलली आहे.

एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाची ऑझची पहिली कथा १९०० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून एम्. जी. एम्. कंपनीनें १९३९ सालीं काढलेला, जुडी गार्लंडच्या गाण्यांनीं गाजलेला बोलपट सर्वांस ठाऊक आहे. मर्च यांच्या चित्रपटांतील कथा त्यापुढची असून ती बॉमच्या १९०४ व १९०७ सालच्या दोन पुस्तकांतून जुळविलेली आहे. डिस्ने कंपनीचें नांव पाहून गेलेल्या प्रेक्षकांस येथें ना गाणीं मिळालीं ना नाच. मुलांच्या मानानें चित्रपट फार उदास व भेसूर आहे, असा ठपका परीक्षकांनीं ठेवला. धंद्याच्या दृष्टीनेंही तो पडला. ध्वनि व संकलन या कलांत नांवाजलेल्या मर्च यांनीं त्यानंतर दुसरा कथापट दिग्दर्शित केला नाहीं. तो ठपका कितपत न्याय्य होता, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

डॉरथी ऑझहून परतल्याला सहा महिने झाले आहेत. कॅन्ससच्या माळावर नवें घर अर्धवट उभें आहे, काका अद्याप सांवरलेले नाहींत, आणि डॉरथीला रात्रीं झोंप येत नाहीं. ती ऑझच्या गोष्टी सांगते, आणि ऐकणारांस तो आजार वाटतो. तिला एक किल्ली सांपडते. ती ऑझहून आली आहे अशी डॉरथीची खात्री. काकी म्हणते, ही आपल्या जुन्या घराची किल्ली. शेवटीं काकी तिला डॉक्टर वॉर्ली यांच्या रुग्णालयांत नेते. काळ १८९९ चा. विजेचें नवें युग दाराशीं येऊन ठेपलें आहे. डॉक्टर सौम्य आहेत, हंसतमुख आहेत. आपलें विजेचें यंत्र दाखवितांना त्यांतलें तोंड आणि डोळे ते मुलीला असे दाखवून देतात कीं, जणूं तें खेळणेंच आहे. त्याच यंत्रानें तिच्या डोक्यांतलें ऑझ काढून टाकावयाचें आहे. पूर्वीं हा भाग आम्हांस नुसती प्रस्तावना वाटे. आम्हांस घाई असे ती ऑझला पोहोंचण्याची. या खेपेस मात्र सर्वांत अधिक भय वाटलें तें येथें. तळघरांतून किंकाळ्या ऐकूं येतात; त्या उपचार होऊन बिघडलेल्या रुग्णांच्या.

मग वादळांत वीज जाते, एक अनोळखी मुलगी डॉरथीला सोडविते, आणि पुराच्या पाण्यावर तरंगत, बिलिना कोंबडीसह, ती ऑझला लागते. पण ऑझ उद्ध्वस्त झालें आहे. पिवळ्या विटांचा रस्ता उखडला आहे. पाचूंच्या नगरांतले रहिवासी दगड होऊन उभे आहेत. हातापायांच्या जागीं चाकें असलेले ‘व्हीलर’ किंचाळत फिरतात, आणि राजवाड्यांत मॉम्बी आपलीं अनेक डोकीं कांचेच्या कपाटांत मांडून, मनास येईल तें धारण करते. परिचारिका आणि मॉम्बी या दोन्ही भूमिका जीन मार्श यांनींच केल्या आहेत, आणि डॉक्टरचें काम करणारे निकल विल्यमसन हेच दगडी नोम राजा झाले आहेत, हें बाळपणीं आमच्या लक्षांत आलें नव्हतें. यावरून हें सारें स्वप्नच, असें कोणी म्हणेल. १९३९ च्या बोलपटानें तसा निकालच देऊन टाकला होता, जरी बॉमच्या पुस्तकांत ऑझ हा खराखुरा देश आहे. मर्च तो निकाल देत नाहींत. दिवसां ज्या भयाचा मुलाला उच्चारही करतां येत नाहीं, तें भय कल्पनेंत रूप घेतें, आणि रूप घेतलेल्या भयाशीं झुंजतां येतें, एवढेंच ते दाखवितात. डॉक्टरपुढें डॉरथीचें कांहीं चालत नाहीं. नोम राजाची पैज ती स्वीकारते आणि जिंकते. त्या पैजेंत जो चुकेल तो शोभेची वस्तू होऊन बसतो. आणि एकेक सोबती चुकत जातो, तसतसा तो दगडी राजा अधिकाधिक माणसासारखा दिसूं लागतो. इतरांस वस्तू करून स्वतः माणूस बनणारा हा राजा म्हणजे त्या सौम्य डॉक्टरचेंच उघडें रूप होय.

चित्रपट निर्दोष आहे असें नाहीं. बुजगावणें, सिंह व पत्र्याचा माणूस हे जुने सोबती शेवटीं केवळ हजेरी लावतात. ऑझमा राजकन्या इतकी पुसट आहे कीं, तिला राज्य मिळाल्याचा आनंद आपणांस होत नाहीं. कोंबडीच्या अंड्यानें शत्रूचा नाश व्हावा ही बॉमची गमतीची कल्पना येथें घाईंत उरकली आहे. परंतु हे दोष फेरूझा बाल्कच्या डॉरथीपुढें फिके पडतात. गार्लंड त्या वेळीं सोळा वर्षांची होती. बाल्क नऊ-दहा वर्षांची. ती गोड दिसण्याचा प्रयत्न कधींच करीत नाहीं. संकटांत ती विचार करते, आणि तो विचार तिच्या चेहऱ्यावर दिसतो.

शेवटीं डॉरथी घरीं येते. आपलीं यंत्रें वांचवितांना डॉक्टर आगींत मेल्याचें कळतें. तिला स्वतःची खोली मिळाली आहे. तेथील आरशांत ऑझमा दिसते. आनंदानें ती काकीला हांक मारते, आणि ऑझमा ओठांवर बोट ठेवते. काकी येते तों आरशांत आरसाच उरलेला असतो. तें बोट पूर्वीं आम्हांस गुपिताची देणगी वाटलें होतें. या वेळीं आमची नजर काकीवरून हलेना. ती दुष्ट नाहीं. मुलीच्या काळजीनेंच ती तिला त्या रुग्णालयांत सोडून आली होती. दुष्टाला मूल लौकर ओळखतें; पण जो माया करतो आणि ऐकून घेत नाहीं, त्याच्यापासून त्यानें आपला बचाव कसा करावा? काकी मायेनें विचारते, पण खरें उत्तर तिला यापुढें कधींच मिळावयाचें नाहीं. या कथेंत अशी एक शिक्षा तिला झाली आहे, आणि तिला तिचा पत्ताही नाहीं.

तेव्हां परीक्षकांचा ठपका आम्हांस अर्धा मान्य आहे. चित्रपट उदास आहे खरा, परंतु ती उदासी मुलांपेक्षां आम्हां प्रौढांच्या वांट्याची अधिक आहे. मुलांस त्यांतलें भय नवें नसतें. तें त्यांच्याजवळ आधींपासूनच असतें, आणि येथें तें कोणीतरी खोटें न ठरवितां पाहिलें, याचाच त्यांस आधार वाटतो. आम्हांसही तो तसाच वाटला होता, हें आतां कळतें. ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांनीं हा चित्रपट त्यांच्याशेजारीं बसून पाहावा. आणि मूल भ्यालें तर तो बंद करण्यापूर्वीं, तें काय सांगतें आहे तें पुरतें ऐकून घ्यावें.