‘आढळले’ या क्रियापदाविषयी : महासाथ आणि कुष्ठरोगाचे आकडे

कोविडच्या महासाथीत कुष्ठरोगासंबंधी जी अहवालभाषा रूढ झाली, तिच्यातील एकाच क्रियापदाचा येथे विचार करावयाचा आहे.

२०१९-२० मध्ये भारतात कुष्ठरोगाचे सुमारे १ लाख १४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले; २०२०-२१ मध्ये सुमारे ६५ हजार. जगाची संख्याही २०१९ मधील दोन लाखांवरून २०२० मध्ये सुमारे १ लाख २७ हजारांवर आली. यावर ‘नवे रुग्ण कमी आढळले’ असे लिहिल्यास ते वाक्य खोटे ठरत नाही. परंतु वाचणारा त्याचा अर्थ ‘रोग कमी झाला’ असा घेतो, आणि त्याला तशी मुभा वाक्याची घडणच देते.

‘आढळणे’ या क्रियापदास, ज्याला वस्तू आढळते त्याचा निर्देश करणारे ‘-ला’ प्रत्ययाचे पद अपेक्षित असते : वाटसरूला साप आढळला. अहवालांत हे पद नित्य गळते. एरवी ते खपून जाते, कारण शोधणारा गृहीत असतो. २०२० मध्ये तोच जागेवर नव्हता. टाळेबंदीत घरोघरचा रुग्णशोध खंडित झाला; आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेवक कोविडच्या कामास जुंपले गेले. महाराष्ट्रात त्याच वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत पथके दारोदार गेली हे खरे; पण ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजणे निराळे, व पुरेशा उजेडात अंगावरील चट्टा पाहून तेथील संवेदना तपासणे निराळे. हा चट्टा सहसा दुखत नाही, खाजत नाही. रोगी आपण होऊन येतो तो बहुधा उशिरा.

‘नवा’ हे विशेषणही असेच फसवे आहे. या रोगाचा अधिशयनकाळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणांपर्यंतचा काळ, सरासरी पाच वर्षांचा, क्वचित वीस वर्षांचाही असतो. तेव्हा २०२० मधील मुखपट्टीने त्याच वर्षीचा आकडा इतका खाली आणला, असे मानण्यास आधार नाही. (‘महारोग’ या जुन्या शब्दातील ‘महा’ भयाचा, ‘महासाथ’ यातील व्याप्तीचा, दुसऱ्याने पहिल्यास दृष्टीआड केले, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकास टोचल्यावाचून राहत नाही.)

हा केवळ शब्दच्छल नव्हे. सहा किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो. मात्र निदानापूर्वी फार काळ बधिर राहिलेला हात पुष्कळदा तसाच राहतो, बोटे वाकतात, पापणी मिटत नाही. मज्जातंतूंचा दाह उसळला असता प्रेडनिसोलोन वेळीच द्यावे लागते. तेथे आठवड्यांचाही विलंब परवडत नाही.

२०२२-२३ मध्ये भारतातील नोंद पुन्हा लाखावर गेली. आता ‘वाढ’ हा शब्द वापरला जातो, आणि तोही तितकाच अपुरा आहे. नव्या रुग्णांच्या रकान्याशेजारी त्या वर्षी किती जणांची त्वचा तपासली गेली याचा रकाना छापला, तर गळालेले ‘-ला’ प्रत्ययाचे पद वाक्यात परत येईल.