विद्युत अभियांत्रिकीची पदवी : प्रवेशाचा निकष आणि रोजगार (वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात)

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. सोयाबीन, तूर व हरभरा यांवर विसंबलेल्या या जिल्ह्यात मोठा उद्योग रुजला नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला. येथील शेतकरी कुटुंब मुलाला किंवा मुलीला विद्युत अभियांत्रिकीसाठी बाहेरगावी पाठविते, तेव्हा त्यामागे ‘लाइट बोर्डातल्या नोकरी’ची जुनी आशा असते. प्रवेशाचे प्रचलित निकष या आशेला कितपत आधार देतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

नियमानुसार बारावीला भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य असून, तिसऱ्या विषयासह खुल्या प्रवर्गास ४५ व राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण पुरेसे आहेत. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेविषयीची अट मात्र विचारात पाडणारी आहे : तीत मिळालेले गुण शून्य नसावेत! ही परीक्षा २०० गुणांची व बहुपर्यायी असून चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडणाऱ्यालाही सरासरीने ५० गुण मिळतील. तेव्हा ‘शून्य नसणे’ हा गुणवत्तेचा निकष नव्हे, ती केवळ हजेरी होय.

१९६४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी जागांपेक्षा इच्छुक अधिक असल्यामुळे गुणवत्ता यादी आपले काम करते. १९८३ पासून विनाअनुदान तत्त्वावर निघालेल्या महाविद्यालयांपैकी जेथे जागा रिक्त राहतात, तेथे ‘कट-ऑफ’ म्हणजे सर्वांत शेवटी आलेल्या विद्यार्थ्याचे गुण, एवढाच अर्थ उरतो. पालक मात्र त्या आकड्याकडे दर्जाची खूण म्हणून पाहतात.

शिकवणी वर्गांपासून दूर असलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यासाठी दार रुंद असावे, हा युक्तिवाद प्रस्तुत लेखकास मान्य आहे. परंतु दार रुंद ठेवणाऱ्याने आतील पायऱ्याही बांधावयास हव्यात. विद्युत शाखेत परिपथांचे विश्लेषण संमिश्र संख्या व अवकल समीकरणांवाचून एक पाऊल पुढे जात नाही. बारावीचे गणित कच्चे राहिलेल्या विद्यार्थ्याची ही उणीव पहिल्याच वर्षी भरून काढावी लागते. राज्याने प्रवेशाची परीक्षा बदलण्यात पुष्कळ शक्ती वेचली. २०१४ व २०१५ मध्ये जेईई मेन स्वीकारली, २०१६ मध्ये पुन्हा राज्याची परीक्षा आणली. या उणिवेचा प्रश्न होता तेथेच राहिला.

आता रोजगाराकडे वळू. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर, २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या कंपन्या झाल्या. लोकांच्या तोंडी ‘बोर्ड’ मात्र टिकून आहे. महावितरणने २०२३ च्या जाहिरातीद्वारे विद्युत सहाय्यकांची ५,३४७ पदे भरावयास काढली. त्यांसाठी पात्रता दहावी व आयटीआयच्या वीजतंत्री किंवा तारतंत्री प्रमाणपत्राची. पहिली तीन वर्षे मानधनावर. गावात खांबावर चढणारी, सर्वांना दिसणारी ही नोकरी पदवी मागतच नाही. अभियंत्यांच्या मोजक्या पदांसाठी स्वतंत्र परीक्षा असते. एनटीपीसी, पॉवरग्रिडसारखे उपक्रम ‘गेट’च्या गुणांवर अभियंते निवडत आले आहेत. म्हणजे जो निकष प्रवेशाच्या वेळी लावला नाही, तोच चार वर्षांनंतर अधिक कठोरपणे लावला जातो, आणि मधल्या काळातील शुल्क, खोलीभाडे व खाणावळ यांचा भार कुटुंबाने सोसलेला असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे कामे निघाली हे खरे. परंतु उभारणीच्या कामात तंत्रज्ञ अनेक लागतात, अभियंते थोडे.

माहितीपुस्तिकांतील ‘प्लेसमेंट’चे आकडेही याच दृष्टीने तपासावेत. संगणक सेवा कंपनीतील नोकरी व उपकेंद्रातील नोकरी एकाच रकान्यात मोजली, तर विद्युत शाखेविषयी काहीच कळत नाही. शाखानिहाय प्रवेशगुण, पहिले वर्ष विनाअडथळा उत्तीर्ण झालेल्यांची संख्या आणि वर्षभरानंतर विद्युत क्षेत्रातच काम करणारे पदवीधर, हे तीन आकडे प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशापूर्वी जाहीर करण्याचे बंधन असावे.

दरम्यान, दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेण्याचा मार्ग उपलब्ध आहे. वाशीमला शासकीय तंत्रनिकेतन आहे. या मार्गाने जाणाऱ्यास पदवीचा खर्च करावयाचा की नाही, हे आपल्या हाताला काम किती जमते ते पाहून ठरविता येते.