गाळ्याच्या दारात नारायण सुर्वे

ठाण्याहून येताना कशेळीचा पूल ओलांडला की आमचं काल्हेर लागतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गोडाऊन, मधे मेट्रोचे खांब आणि त्यांच्याखाली कायमचं ट्रॅफिक. तुम्ही काल मागवलेलं मोबाईलचं कव्हर कदाचित इथल्याच एखाद्या गाळ्यातून निघालं असेल. या गावावर मी कविता लिहिल्या. त्यांत कंटेनर होते, टपरीवरचा चहा होता, पावसात भिजत माल उतरवणारे हमाल होते. मित्रांनी इन्स्टाग्रामवर ‘एकदम रिअल’ म्हटलं. मग मी नारायण सुर्वे सलग वाचले आणि त्या कविता मलाच खोट्या वाटायला लागल्या. का वाटल्या, तेच इथे शोधतो आहे.

सुर्व्यांची गोष्ट आपण शाळेत थोडीफार ऐकलेली असते. जन्मतःच टाकून दिलेलं मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते उचललं, वाढवलं, आपलं नाव दिलं. पुढे त्याने पडेल ते काम केलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’, १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’, १९७५ साली ‘जाहीरनामा’. १९९५च्या परभणी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते ठाण्यात वारले, म्हणजे आमच्यापासून पुलापलीकडे.

या चरित्रामुळे सुर्व्यांच्या कवितेचं एक नुकसान झालं आहे. ‘भोगलं, म्हणून लिहिलं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण गिरणगावात भोगणारे लाखो होते. सगळ्यांची कविता झाली नाही. त्यामुळे सुर्व्यांनी काय भोगलं याच्याइतकंच त्यांनी ते कसं ऐकलं, हेही विचारायला हवं.

शाळेत मुलाचं नाव घालायला आलेल्या बाईची त्यांची कविता आठवा. वेश्यावस्तीतली ती बाई मास्तरांसमोर उभी आहे आणि रजिस्टरमध्ये बापाच्या नावाची जागा रिकामी आहे. ही जागा भरायची कशी, एवढाच प्रश्न. या प्रसंगावर कवीला भाषण ठोकता आलं असतं, डोळे पुसता आले असते. सुर्वे तसं काही करत नाहीत. ते बाईला बोलू देतात, तिच्या बोलीत, तिच्या फटकळपणासह. मास्तर ऐकतो. आता लक्षात घ्या, हा मास्तर लिहिणाऱ्याला स्वतःचं नावही कुणीतरी असंच दिलेलं आहे. पण ही माहिती ते कवितेत आणत नाहीत. तो संयम मला त्यांच्या सगळ्या घोषणांपेक्षा मोठा वाटतो.

‘शीगवाला’मध्ये तर दाऊद चाचा कवीलाच विचारतो, पोरा, लिहितोस काय? ही कविता हिंदी-मराठीच्या मिसळीत बोलते. भिवंडीच्या कुठल्याही नाक्यावर आजही तशीच मिसळ कानावर पडते. इथे रोजचं जगणं कवितेचा विषय बनून गप्प उभं राहत नाही. ते कवीच्या वहीत डोकावतं आणि त्याला जाब विचारतं.

माझ्या कवितांत नेमकं हेच नव्हतं. माझा हमाल भिजत होता, पण बोलत नव्हता. त्याने मला काही विचारलंच नाही. मी त्याचा फोटो काढला होता, फक्त शब्दांनी. आज फोनवर वाचल्या जाणाऱ्या पुष्कळ मराठी कवितांचं हेच होतं. चहा, लोकल, पाऊस, थकलेला बाप, सगळं ओळखीचं. ओळख पटते म्हणून आपण लाइक करतो. पण कवितेतल्या माणसाशी आपलं देणं-घेणं काय, हे तिथे कुणी सांगत नाही.

मग सुर्व्यांसारखंच लिहावं का? तर नाही, आणि इथे त्यांची मर्यादाही सांगायला हवी. ‘आम्ही’ म्हणताना त्यांच्या मागे चाळ होती, युनियन होती, मोर्चा होता. नवा माणूस येणारच, असा भरवसा होता. तो भरवसा ज्या कवितांवर फार भार टाकतो, त्या आज सभेतल्या वाटतात. हात उंचावतात, पण कानात राहत नाहीत. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावच विस्कटलं. आमच्या गाळ्यांतली किती तरी पोरं ठेकेदाराकडची. उत्तर प्रदेश, बिहारमधून येतात, काही महिन्यांत दुसरीकडे जातात. त्यांचा ‘आम्ही’ जुळायच्या आतच माणसं बदललेली असतात. सुर्व्यांचा आवाज उसना घेऊन त्यांच्यावर ‘कामगार’ म्हणून कविता लिहिणं, हीसुद्धा एक नक्कलच ठरेल.

आणि माझं काय? मी कामगार नाही. माझ्या आजोबांनी जिथे भात लावला, तिथे भराव पडला आणि गाळा उभा राहिला. त्याच्या भाड्यावर माझं कॉलेज झालं. माल उतरवणारा माझ्याच वयाचा पोरगा मला ‘शेठ’ म्हणतो. माझ्या कवितेत हमालाचा घाम होता, भाड्याची पावती नव्हती. ती खोटी वाटली ती एवढ्यासाठीच.

‘ऐसा गा मी ब्रह्म’ हे संतवाणीच्या वळणाचं शीर्षक मला आधी नुसतं अभिमानाचं वाटायचं. आता त्यातला पेच दिसतो. स्वतःला ब्रह्म म्हणणारा माणूस साध्या छपरासाठी हतबल आहे, आणि कवी दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. थोरवी सांगताना तो लाचारी लपवत नाही. माझ्याकडे थोरवी नाही, लाचारीही तशी नाही. पण लपवण्यासारखं बरंच आहे, आणि माझी कविता तिथूनच सुरू व्हायला हवी.

परवा रात्री गाळ्याच्या दारात फोनवर टाइप करत बसलो होतो. त्या पोराने विचारलं, “क्या लिख रहे हो, शेठ?” मी घाईने स्क्रीन बंद केली. “कुछ नहीं,” म्हणालो.

दाऊद चाचाच्या प्रश्नाला सुर्व्यांनी एका कवितेएवढं उत्तर दिलं. माझं उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे.